घोडा सोडायचा आकडा: घरी वाकवलेला की तयार?

घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक. त्याच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलर जोडायच्या तबकडीचा, सोडायचा हँडल चासीच्या आत असतो. हात घालून ओढायचा तर बाही ग्रीसने काळी होते आणि कमरेला हिसका बसतो. म्हणून आकडा हवाच.

जालन्यात सळईला तोटा नाही. वेल्डरकडून १२ मिमीची अडीच फूट सळई घ्या, एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ. फक्त टीएमटी, म्हणजे बांधकामाची धारीदार सळई, नको: तिच्या धारी तळहाताला रुततात. साधी गोल सळईच घ्यावी. दोष एकच, हँडल अडकला की आकडा हळूहळू उलगडतो आणि एक दिवस अचानक सुटतो. ओढणारा पाठीवर आपटतो.

तयार आकडा महाग, पण रबरी मूठ तेलकट हातातही सरकत नाही. मात्र आकड्याचं तोंड आपल्या हँडलच्या भोकात बसतं का, हे आधी पाहा.

खरं तर हँडल अडकतो तो आकड्यामुळे नाही. किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची खुंटी, फिफ्थ व्हीलच्या जबड्यावर दाबून बसलेली असते. ट्रेलरचा ब्रेक लावून घोडा बोटभर मागे रेटा, दाब सुटतो, मग हँडल सहज येतो. त्याआधी चाकांना ठोकळे, ट्रेलरचे लेग (पुढचे टेकूचे पाय) खाली, हवेचे पाइप आणि लाइटची वायर काढलेली. पावसाळ्यात काळ्या मातीत लेगखाली जाड फळ्या ठेवा, नाहीतर ट्रेलरचं नाक खचतं आणि परत जोडताना किंगपिनची उंची जुळत नाही.

रोज चार-पाच वेळा सोडजोड असेल तर तयार घ्या. आठवड्यातून एकदाच असेल तर सळई पुरे.