पहिलं उंच शिखर: किलिमांजारो की एल्ब्रुस?

गिर्यारोहणाचा अनुभव शून्य, पण दम बरा आहे, अशा माणसाला बहुतेक वेळा हीच दोन नावं सुचवली जातात. टांझानियातला किलिमांजारो ५८९५ मीटर, रशियातला एल्ब्रुस ५६४२. दोन्ही ज्वालामुखी, आणि नेहमीच्या वाटांवर दोन्हीकडे कडे चढावे लागत नाहीत.

कागदावर एल्ब्रुस सोपा दिसतो. उंची अडीचशे मीटरने कमी, शिवाय केबल कार गराबाशीपर्यंत, म्हणजे ३८५० मीटरच्या आसपास आणून सोडते. तिथून स्नोकॅट, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी, पास्तुखोव्ह खडकांच्याही वर, जवळपास ५००० मीटरला नेते. माझं घोडं अडतं ते या स्नोकॅटपाशी. पहाटेच्या थंडीत गाडीत न हलता बसून पायांची बोटं बधिर होतात. उतरल्यावर अंधारात, वाऱ्यात क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांचे, पट्टे आवळायचे. जाड हातमोज्यांनी बकल सापडत नाही म्हणून मोजे काढले, की हातांचीही तीच गत. पट्टा सैल राहिला तर क्रॅम्पॉन निसटतो तो पूर्व शिखराखालच्या तिरप्या चालीत, म्हणजे पाय घसरून चालणारच नाही अशा ठिकाणी.

त्याहून वाईट म्हणजे, गराबाशीहून चालत निघालेल्याला विरळ हवा सोसणार नसेल, तर ते बऱ्याचदा ४५०० मीटरच्या आसपासच कळतं आणि तो तासाभरात खाली निवाऱ्यात परततो. गाडीने आलेल्याचं डोकं ठणकायला लागतं ते ५३०० मीटरच्या पुढे, दोन शिखरांमधल्या खिंडीत. परतीची सगळी तिरपी चाल तशाच अवस्थेत करायची असते. त्यात धुकं आलं तर उताराला कड ना कोपरा. खुणेच्या काठ्या दिसेनाशा होतात आणि वाटेबाहेर हिमभेगा आहेत. सप्टेंबर २०२१ च्या वादळात गाइड सोबत असलेल्या गटातले पाच जण दगावले.

किलिमांजारोवर घात होतो तो दिवस वाचवण्याच्या नादात. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. पाच दिवसांच्या मारंगू वाटेवर मुक्काम पडतात साधारण २७२०, ३७२० आणि ४७२० मीटरला. म्हणजे रोज हजार! झोपायला पक्क्या खोल्या मिळतात म्हणून लोक ही वाट धरतात आणि शिखर चढायच्या रात्री ओकाऱ्या काढत परततात. सात दिवसांची माचामे वाट बरी: दुपारी ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरला जाऊन रात्री ३९५० च्या आसपास बारांकोला उतरायचं, मग कारंगा, मग बाराफू. सहा दिवसांच्या बेतात कारंगाचा मुक्काम गाळतात. तो गाळू देऊ नका. अर्थात याही वाटेवर दुसऱ्या रात्रीची उडी मोठीच आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी अंगावर लक्ष ठेवावं. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहावं. तोल जात असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता तडक खाली निघायचं.

आणि इथे खाली जाता येतं, म्हणूनच माझं झुकतं माप किलिमांजारोला. शिखराजवळच्या स्टेला पॉइंटवरून मुरमाच्या घसाऱ्यावर, क्रॅम्पॉन वगैरे काही न बांधता, दोन-तीन तासांत हजार मीटर उतरता येतं. गाइड नियमानेच सक्तीचा. गटात दोन गाइड असतील तर एक जण आजाऱ्यासोबत मागे फिरतो, बाकीचे पुढे जातात.

एल्ब्रुसला नाही म्हणत नाही. आधी दोन-तीन दिवस क्रॅम्पॉनवर चालण्याचा आणि घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थोपवण्याचा सराव करावा, खराब हवेसाठी दोन दिवस राखून ठेवावेत आणि स्नोकॅट टाळावी. मग तोही जमण्यासारखा आहे, कदाचित जास्त देखणाही.

किलिमांजारोचा छळ वेगळा: धूळ, गर्दी आणि शिखराच्या दिवशी १२०० मीटर चढून लगेच म्वेका मुक्कामापर्यंत जवळजवळ २८०० मीटरचा उतार. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात. नखं आधीच कापा आणि उताराला लागण्यापूर्वी घोट्याशी नाडी करकचून आवळा. पिशवीतून पाणी ओढायची नळी शिखर चढायच्या रात्री गोठते. रुंद तोंडाची बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.