कोरडी नोंद की रंगतदार वर्णन?

पांढरा धोबी हा पक्षी घ्या. पक्षी ओळखण्याच्या एका मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं: ‘लांबी सुमारे 18 सेंमी, पाठ करडी, पोट पांढरं, शेपटी लांब.’ सगळं बरोबर. पण दुसऱ्या पुस्तकातला लेखक सांगतो, हा गडी चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, शेपटी खालीवर हलवतो आणि ‘चिझिक’ म्हणत लाटेसारखा वरखाली होत उडून जातो. हे वाचलेला माणूस पन्नास पावलांवरूनही धोबी ओळखेल, रंग दिसला नाही तरी.

पक्षी ओळखताना आपण आधी ढब पाहतो, मोजपट्टी नंतर. म्हणून माझं मत दुसऱ्या पुस्तकाकडे झुकतं. त्यात लेखकाची चिडचिडही असते. ‘हा पानाआडून कधीच नीट दिसत नाही’ असं वाचलं की आपण एकटेच मठ्ठ नाही, हे कळून बरं वाटतं!

अर्थात पर्णवटवट्यांपुढे, म्हणजे जवळपास एकसारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या पक्ष्यांपुढे, ही रसाळ भाषा लंगडी पडते. तिथे पंखावरची फिकट पट्टी, डोळ्यावरची भुवईसारखी रेघ, पायांचा रंग हेच लागतं, तेही झटपट. अमेरिकी पक्षीअभ्यासक रॉजर टोरी पीटरसन यांनी 1934 साली आपल्या मार्गदर्शिकेत चित्रातल्या नेमक्या खुणांकडे रेघा काढून दाखवल्या, त्या अशाच वेळेसाठी.

माझ्या पिशवीत कोरडं पुस्तक असतं. उशाशी मात्र दुसरं.