वेदनेवर काम करायचंय : टीआरपीव्ही १ घ्यावा की नॅव्ह १.८?

पीएचडीसाठी वेदना हा विषय ठरला की गाइडचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : चॅनेल (पेशीच्या आवरणातलं, आयनांना वाट देणारं प्रथिनाचं दार) कोणता? मी टीआरपीव्ही १ आणि नॅव्ह १.८ या दोन्हींवर पॅच क्लॅम्प (पेशीला बारीक काचेची नळी चिकटवून चॅनेलमधला करंट मोजणं) केलं आणि शेवटी नॅव्ह १.८ धरला. तुमच्या लॅबमधली सोय आणि तुमचा प्रश्न वेगळा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य करतो.

टीआरपीव्ही १ कडे ओढा का असतो, ते मला पुरेपूर कळतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं, २०१३ मध्ये क्रायो-ईएमने (गोठवलेल्या रेणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रं घेण्याच्या तंत्राने) त्याची रचना उलगडली आणि २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन, साधारण ४३ अंशांवरची उष्णता आणि आम्लता, तिन्हींनी तो उघडतो. एकाच रेणूवर इतक्या दिशांनी प्रश्न विचारता येतात, याचा मोह पडणारच.

माझं घोडं अडलं ते रिगवर, म्हणजे करंट मोजायच्या उपकरणावर. कॅप्सेसिनचा पहिला डोस सोडला की करंट झपकन येतो, त्याचा आलेख बघून जीव सुखावतो. पेशी नीट धुऊन, काही मिनिटं थांबून तोच डोस पुन्हा दिला, की उत्तर पुष्कळदा निम्मंही येत नाही. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे चॅनेल मंदावलेला असतो. आता तुमचं नवं संयुग दिल्यावर करंट घटला, तर तो संयुगाने घटला की चॅनेल आपसूकच थंडावला? एका पेशीकडून खणखणीत उत्तर एकदाच मिळतं. मग औषध दिलेल्या पेशी वेगळ्या, न दिलेल्या वेगळ्या, आणि दर पेशीत चॅनेलची संख्या निराळी, त्यामुळे आकडे विखुरतात. बाहेरचं कॅल्शियम काढून टाकलं तर हा त्रास बराच कमी होतो, पण शरीरात कॅल्शियम असतंच, त्यामुळे त्या उत्तरावर माझं समाधान होईना. त्यात कॅप्सेसिन परफ्यूजनच्या, म्हणजे पेशींवर द्रावण सोडणाऱ्या, नळ्यांना चिकटून राहतं. नळ्या अल्कोहोलने धुवायच्या, दर वेळी नवी डिश घ्यायची, आणि तरी मनात शंका.

नॅव्ह १.८ या सोडियम चॅनेलवर हा प्रश्न पुष्कळ सुटतो. संवेदी चेतापेशींवर टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडलं की त्याला दबणारे सोडियम चॅनेल गप्प होतात आणि हा बोलत राहतो. व्होल्टेजची पल्स दिली, करंट आला. पुन्हा दिली, जवळपास तेवढाच आला. मग संयुग सोडायचं आणि तोच करंट पल्समागून पल्स उतरताना बघायचा. प्रत्येक पेशी स्वतःचाच कंट्रोल असते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. याचीही कटकट आहे : प्रयोगशाळेत नेहमी वाढवल्या जाणाऱ्या हेक पेशींत तो नीट तयार होत नाही, चेतापेशींसारख्या एनडी७/२३ पेशी वापराव्या लागतात. पण ती सुरुवातीची अडचण आहे, रोजची नाही.

माणसांवरच्या चाचण्यांतही मला पारडं याच बाजूला झुकलेलं दिसतं. टीआरपीव्ही १ बंद करणाऱ्या एएमजी ५१७ या प्रायोगिक औषधाने दाढ काढलेल्या रुग्णांना ताप चढला, काहींना ४० अंशांवर, कारण शरीराचं तापमान सांभाळण्यातही या चॅनेलचा हात आहे. मात्र ८ टक्के कॅप्सेसिनच्या पॅचला अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. तो चॅनेल बंद करत नाही, उलट इतका चेतवतो की त्वचेतली चेतातंतूंची टोकं काही काळ निकामी होतात. उत्तेजनेनंतर गप्प होण्याच्या ज्या खोडीने मला रिगवर छळलं, तिच्याच जातीचा परिणाम इथे उपचार ठरला. म्हणून टीआरपीव्ही १ संपला, असं मी म्हणणार नाही.

नॅव्ह १.८ रोखणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने ३० जानेवारी २०२५ रोजी मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या तात्कालिक वेदनेसाठी मान्यता दिली. हा चॅनेल मुख्यतः मेंदूबाहेरच्या वेदनावाहक चेतापेशींत असतो, म्हणून ओपिऑइडसारखं (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांसारखं) व्यसन लागण्याची धास्ती इथे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरलं, पण हायड्रोकोडोन हे ओपिऑइड आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडीपेक्षा नाही. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत तर प्लासिबो गटालाही जवळपास तेवढाच आराम पडला. दीर्घकालीन वेदनेचा प्रश्न अजून उघडा आहे, आणि नव्या विद्यार्थ्याला मला तिथेच काम दिसतं.

नॅव्ह १.७ या भावंड चॅनेलचं विचाराल, तर २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत तो चॅनेल निकामी असल्याने वेदनाच होत नसल्याचं दिसलं. पुरावा इतका बोलका असूनही औषधं रुग्णांत फारशी चालली नाहीत. एकट्या विद्यार्थ्याने त्यात उडी घेऊ नये, असं मला वाटतं.

रचनाशास्त्राची आवड असेल आणि क्रायो-ईएम हाताशी असेल तर टीआरपीव्ही १ जरूर घ्या. करंट मोजूनच थिसिस उभा करायचा असेल तर माझं मत नॅव्ह १.८ ला. फक्त उंदरांवर भिस्त ठेवू नका : सुझेट्रिजिन उंदराच्या चॅनेलला माणसाच्या चॅनेलपेक्षा खूपच कमी रोखतं. मानवी जनुक असलेल्या पेशी लॅबमध्ये आहेत का, हे गाइडना विषय नोंदवण्याआधीच विचारा.