पॅरिस की रोम? आधी बसायला जागा कुठे आहे ते बघा

"आयुष्यात एकदा परदेशातलं एकच शहर निवांत बघायचंय, पॅरिस करू की रोम?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारून झालाय, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं. मी दोन्हीकडे दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा टूरच्या धावपळीत आणि नंतर आमचे आम्ही, मी आणि बायको, आठ-आठ दिवस एकाच शहरात मुक्काम ठोकून. व्हिसा दोन्हीकडे शेंगेनचाच, विमानाची तिकिटं कधी काढायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि आयफेल टॉवर किती उंच, कलोसियम कुणी बांधलं हे काही मी सांगत बसणार नाही. दोन्ही शहरं सुंदर आहेत, यात वादच नाही. पण दोघांत निवड करायची तर माझा कौल एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवरून ठरला, त्यावर येतोच.

आधी रोमची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे.

रोममध्ये पहिल्या तासात जे होतं ते पॅरिसमध्ये होत नाही. तुम्ही साधं आइस्क्रीम खात गल्लीतून वळता आणि समोर पँथिऑन, जुनं रोमन देऊळ. मधे कुंपण नाही, लांबलचक पटांगण नाही, काही नाही, दोन हजार वर्षांच्या आसपासची इमारत शेजारच्या घरासारखी उभी. आत घुमट जेवढा रुंद तेवढाच जमिनीपासून उंच, त्रेचाळीस मीटरच्या वर, आणि तो सगळा काँक्रीटचा, आत लोखंडी सळई नाही. वर मधोमध भोक आहे ते उघडंच. आम्ही गेलो तेव्हा पाऊस आला, सगळे लोक मधला भाग सोडून गोलाकार उभे राहिले आणि पाऊस आत पडताना बघत बसले (म्हणजे बघत उभे राहिले, बसण्याचा विषय पुढे आहे). फरशीला हलका उतार आहे आणि बारीक भोकं, पाणी त्यातून निघून जातं. याला तिकीट लागलं तेच मुळी 2023 मध्ये, तेव्हा पाच युरो, त्याआधी तर फुकटच होतं.

रोममधल्या फुकट गोष्टींवर वेगळं लिहिता येईल. पँथिऑनपासून चार-पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, त्यात एका कोपऱ्यात काराव्हाज्जोची सेंट मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत, अगदी ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. अंधार असतो, पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने टक् करून विझतो. मग सगळे एकमेकांकडे बघतात की आता नाणं कोण टाकणार. गंमत म्हणजे हे रोममधल्या फ्रेंच लोकांचं चर्च आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे याची उलटी बाजू येणार आहे.

आणि पाणी! रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना, म्हणजे मोठी नाकं, तोटीचा आकार तसाच आहे. साधारण अडीच हजार आहेत शहरात, 1874 पासून चालू आहेत आणि चोवीस तास गार पाणी वाहतंय. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, तोंड लावून प्यायचं. आठ दिवसांत आम्ही पाण्याची एक बाटली विकत घेतली, तीच भरत राहिलो. ट्रेव्ही कारंज्याला ज्या जुन्या जलवाहिनीचं पाणी यायचं ती इसवी सन पूर्व 19 मधली. पॅरिसमध्येही प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, नाही असं नाही, पण ही चैन नाही.

आता पॅरिस. पहिल्या दिवशी पॅरिसने मला तसं निराशच केलं. पोस्टरवर बघून बघून ते इतकं पाठ झालेलं असतं की प्रत्यक्ष बघताना "हो, आहे खरं" एवढंच वाटतं. शिवाय मधलं सगळं शहर एकसारखं दिसतं, पिवळट दगडाच्या त्याच उंचीच्या इमारती, त्याच काळ्या लोखंडी गॅलऱ्या, कारण 1853 पासून पुढची सतराएक वर्षं ऑस्मान नावाच्या अधिकाऱ्याने तिसऱ्या नेपोलियनसाठी जुन्या गल्ल्या पाडून हे सगळं एकाच साच्यात बसवलं. रोममध्ये कसं, सगळं पाडून एका साच्यात बसवलं नाही, बऱ्याच ठिकाणी एकावर एक चढवत गेले. पियात्सा नव्होना हा चौक लांबुळका का आहे, तर खाली रोमन स्टेडियम आहे, घरं त्याच्याच कडेने उभी राहिली. असल्या गोष्टींत रोमला तोड नाही.

मेट्रोचं म्हणाल तर पॅरिसची जाळीसारखी पसरलेली, कुठेही जा, स्टेशन जवळच. पण जिने! 1900 साली सुरू झालेली मेट्रो आहे ती, बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि शातलेला गाडी बदलायची म्हणजे जमिनीखालून एक छोटी पदयात्राच. मोठ्या बॅगा असतील तर ते स्टेशन टाळा एवढंच सांगतो. रोमची मेट्रो त्यामानाने नावापुरती, खणायला घेतलं की खाली कुणाचं तरी जुनं घर निघतं आणि काम थांबतं, त्यामुळे तुम्ही चालत असता. सतत. पहिले दोन दिवस याचं कौतुक वाटतं, तिसऱ्या दिवसापासून नाही.

म्युझियम आणि रांगा यात दोघांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. लूव्रमध्ये मोनालिसासमोर जी झुंबड असते तीच रोमला व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये, फक्त तिथे फोटो काढू देत नाहीत आणि थोड्या थोड्या वेळाने शांत राहायला सांगतात. दोन्हीकडे आधी स्लॉट बुक करा. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद, व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, त्या दिवशी फुकट, म्हणजे काय गर्दी असेल समजून जा). माझं स्वतःचं म्हणाल तर ऑर्से म्हणजे पूर्वीचं रेल्वे स्टेशन, आणि ऑरांजरी म्युझियममधल्या त्या दोन लंबगोल खोल्या, चारी बाजूंनी मोनेची कमळं, यांनी पॅरिसबद्दलचं मत बदललं. ऑरांजरीत खोलीच्या मधोमध बाकं आहेत. बसून, हळूहळू मान फिरवत चित्र बघायचं. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

आता मुद्द्यावर येतो, कारण माझ्यासाठी सगळं इथेच ठरलं.

रोममध्ये बसायला जागा नाही.

हसू नका. ऐकायला क्षुल्लक वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हिशोब करा, सकाळी कलोसियम, मग फोरम (जुन्या रोमचे अवशेष, सावली जवळजवळ नाहीच, दगड तापलेले), मग टेकडी चढून उतरून लार्गो अर्जेंटिना, जिथे सीझरला मारलं आणि आता मांजरं राहतात, मग पँथिऑन, नव्होना, ट्रेव्ही. खाली रस्ता कसला, तर काळ्या दगडाचे छोटे ठोकळे, सानपिएत्रिनी, फोटोत फार गोड दिसतात, पण प्रत्येक ठोकळा वेगळ्या कोनात. माझी डावी टाच आधीपासून दुखरी, दुपारी एकपर्यंत तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते अक्षरशः कळलं. अशा वेळी माणसाला काय पाहिजे? काही बघायचं नसतं, खायचं नसतं, नुसतं कुठेतरी पाठ टेकून दहा मिनिटं बसायचं असतं.

बरं, ट्रेव्हीसमोर कठड्यावर जागा मिळते असं म्हणावं तर तिथे खांद्याला खांदा लावून माणसं. पुढे स्पॅनिश स्टेप्स, एकशे पस्तीस पायऱ्या, वाटलं इथे बसायचं नाही तर कुठे. जेमतेम बूड टेकलं आणि शिट्टी वाजली. 2019 पासून तिथे बसायला बंदी आहे, चारशे युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आमचा दंड झाला नाही, नुसतं हाताने उठा उठा केलं, पण आजूबाजूचे वीस-पंचवीस जण एकदम उठले त्यात एक आजीबाई पण होत्या आणि मला त्या क्षणी त्या सुंदर जिन्याचा मनापासून राग आला. जुने दगड जपायचे म्हणून नियम केला हे पटतं, नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मग चार बाकं तरी ठेवा ना बाजूला.

तुम्ही म्हणाल चर्चमध्ये बसा की, एवढी चर्च आहेत. आम्हीही तेच केलं, आणि सकाळी ते झकास जमतं. पण बरीचशी चर्च दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती उघडतात तीन-चारला, म्हणजे नेमकी पाय बोलायला लागतात तेव्हाच दारं बंद. तुम्ही म्हणाल कॉफी प्या. रोमची कॉफी उभ्याने प्यायची असते, काउंटरवर, दोन घोटांत संपते, एक-सव्वा युरो, आणि चव विचारू नका, पॅरिसच्या कॉफीने तिच्यापुढे मान खाली घालावी. पण तीच कॉफी खुर्चीवर बसून घेतली की दर बदलतो, आणि प्रसिद्ध चौकात तर कितीतरी पटीने. रेटकार्डवर दोन्ही दर लिहिलेले असतात, फसवणूक नाही, बसण्याचे पैसे वेगळे एवढंच. तुम्ही म्हणाल बागेत जा. व्हिला बोर्गेझे आहे ना, सुरेख आहे, बाकं आहेत, पण ती वर टेकडीवर, आणि दमलेल्या माणसाला बसायला आधी डोंगर चढ म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

ज्या कलोसियममध्ये एके काळी पन्नासेक हजार माणसं एका वेळी बसायची तिथे मी आडोशाला खांब शोधून टेकून उभा होतो.

आणि पॅरिस? लक्झेंबर्ग गार्डनमध्ये हिरव्या लोखंडी खुर्च्या ठेवल्यात, बाकं वेगळी, या सुट्या खुर्च्या. काही साध्या, काही हातवाल्या आणि काही अशा मागे कललेल्या की बसलं की आपोआप आभाळ दिसतं. उचलायची, पाहिजे तिथे न्यायची, उन्हात, सावलीत, तळ्याकाठी, कुणी काही बोलत नाही, पैसे नाहीत. एक बुडाखाली, एक पायाखाली. त्युलरी बागेत पण तशाच, म्हणजे लूव्रमधून अर्धमेले होऊन बाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत खुर्ची. जूनमध्ये गेलो होतो, रात्री दहा वाजत आले तरी उजेड, लोक पुस्तक वाचतायत, कुणी झोपलंय. आणि कॅफेत एक कॉफी घेतली (महाग असते, मान्य) की दोन तास बसा, बिल आपणहून आणून ठेवत नाहीत सहसा, मागावं लागतं. खुर्च्या सगळ्या रस्त्याकडे तोंड करून. आधी मला ते विचित्र वाटायचं, नवरा-बायको शेजारी शेजारी बसून रस्ता काय बघतात, मग आम्हीही तेच करायला लागलो.

ती मघाची उलटी बाजू म्हणजे ही, की लक्झेंबर्ग बाग करून घेतली ती मारी द मेदिचीने, फ्रान्सची राणी पण माहेर फ्लॉरेन्सचं. म्हणजे रोममधली मला सगळ्यात आवडलेली चित्रं फ्रेंचांच्या चर्चमध्ये आणि पॅरिसमधली सगळ्यात आवडलेली जागा एका इटालियन बाईची.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे माझ्या टाचेचं मत आहे. तुम्ही पंचविशीतले असाल, इतिहासाचं वेड असेल, हातात चारच दिवस असतील तर रोमला जा, चार दिवसांत रोम जेवढं पदरात टाकतं तेवढं पॅरिस टाकणार नाही, आणि जेवणाच्या बाबतीत तर रोममध्ये चुकून कुठेही शिरलात तरी साधारण बरंच मिळतं, पॅरिसमध्ये शोधावं लागतं. फक्त जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन भाजून काढतं. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. मऊ तळाचे बूट घ्या, नवे कोरे नकोत. दुपारी बारा ते चार हॉटेलवर परत येता येईल अशा ठिकाणी खोली घ्या, थोडी महाग पडली तरी, कारण रोममध्ये दुपारी बसायची जागा म्हणजे स्वतःचा पलंग.

आणि आई-वडील बरोबर असतील, किंवा आठवडा असेल आणि यादी संपवायची घाई नसेल, तर मी पॅरिस म्हणेन. मेट्रोच्या जिन्यांचं काय, तर बस घ्या, खिडकीतून शहर पण दिसतं. नोत्र दाम 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलंय, प्रवेश फुकट आहे, आतला दगड आता इतका पांढरा स्वच्छ झालाय की जुने फोटो बघितलेल्यांना ओळखू येत नाही, आणि आत बसायला खुर्च्या आहेत हे वेगळं सांगायला नको.

बायकोचं मत अजूनही रोम. तिची टाच दुखत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कुठेतरी जायचं चाललंय, तिने ट्रेव्हीत नाणं टाकलंय म्हणून रोमला परत जावंच लागणार असं तिचं म्हणणं आहे, आणि मी घडीचं छोटं स्टूल बॅगेत बसतं का ते बघतोय.