ठरलेला तक्ता की शरीराचा कौल?

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर पहाटे पळणाऱ्यांचे दोन्ही पंथ दिसतात: ठरलेल्या तक्त्याने पळणारे आणि त्या दिवशी शरीर काय म्हणतं ते ऐकून पळणारे. तक्तेवाले सोमवारी ५ किलोमीटर, मंगळवारी चढ असं ठरवून येतात. नवख्याला हेच बरं. सुरुवातीला शरीराला विचारलं तर ते रोज ‘उद्या पाहू’च म्हणतं.

पण नागपूरचा मे महिना तक्ता जुमानत नाही. पारा ४५ अंशांकडे गेला की शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी घटतं आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. डिसेंबरातली सोपी धाव आता दमवते. कागदावर आकडा तोच! इथे शरीराचा कौल सरळ जिंकतो. किती श्रम जाणवतात ते मोजायला स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी आहे: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे पूर्ण जोर. त्याहून सोपं म्हणजे पळताना बोलून पाहा. वाक्य तुटलं की वेग कमी करा. झोप अर्धवट, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद? सेमिनरी हिल्सचा चढ सोडा, सपाटीवर चाला. तापात तर घरीच.

मी दिवस तक्त्यावर सोडतो, जोर शरीरावर. आळस की थकवा, कळेना? दहा मिनिटं हळू चाला. आळस बहुधा उतरतो. पाय जडच राहिले तर परत फिरा. वाटेतला तर्री-पोह्यांचा ठेला टाळणं ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर.