बदलत्या कॉइलचे व्हेप पेन : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

जुलै २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका दुकानातून २२ पौंडांना घेतलेले व्हेप पेन, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ करून ती ओढायची बॅटरीवरची इ-सिगारेट, आजही रोज माझ्या खिशात आहे. अशा वस्तूंची परीक्षणे बहुधा खोके उघडल्यावर दोन-चार दिवसांत लिहिली जातात, आणि त्यांत रंग, वजन, वाफेचा दाटपणा याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. पेन पहिल्यांदा बंद पडते, दिवा लुकलुकतो आणि वाफ येत नाही, तेव्हा ते फेकायचे की दुरुस्त करायचे, हा खरा प्रश्न उभा राहतो. माझे पेन या काळात चार वेळा अडले आणि चारही वेळा पुन्हा चालू झाले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहितो आहे.

कोणासाठी लिहितो, हेही आधी सांगायला हवे. मी अठरा वर्षे सिगारेट ओढत होतो आणि ती सोडण्यासाठी व्हेपकडे वळलो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा व्हेपला सिगारेटपेक्षा कमी हानिकारक मानते, पण निर्धोक मानत नाही. जो सिगारेट ओढत नाही त्याने आणि अठरा वर्षांखालच्या कोणीही याच्या वाटेला जाऊ नये, असे ती स्पष्ट सांगते, आणि माझेही मत तेच आहे. ज्यांच्या हातात हे पेन आधीच आहे आणि ते बिघडल्यामुळे ज्यांचा पाय पुन्हा सिगारेटच्या दुकानाकडे वळू शकतो, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

पेन साधे आहे. खाली बोटभर जाडीची नळी, तिच्यात कायमची बसवलेली बॅटरी, एक बटण, आणि वर आट्यांनी बसणारी काचेची टाकी. टाकीत २ मिलिलिटर लिक्विड मावते, कारण ब्रिटनमध्ये त्याहून मोठी टाकी विकता येत नाही; लिक्विडची बाटलीही १० मिलिलिटरच्या वर आणि निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. टाकीच्या तळाशी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ करणारा छोटा भाग, बसते आणि ती बदलता येते. माझ्या दृष्टीने या पेनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. एकदा वापरून टाकून द्यायच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून इथे बंदी आल्यावर पुष्कळ लोक भरता येणाऱ्या पेनांकडे आले, पण त्यांतली काही पेने अशी आहेत की कॉइल करपली की लिक्विडचा अख्खा कप्पाच टाकावा लागतो. माझ्या पेनाच्या पाच कॉइलचे पाकीट ११ पौंडांना मिळते, आणि बदलायची वस्तू बोटाच्या पेराएवढी असते.

पहिला बिघाड तिसऱ्या महिन्यात झाला. सकाळी बटण दाबले तर दिवा पाच वेळा लुकलुकला आणि वाफेचा पत्ता नाही. ज्या दुकानातून पेन घेतले होते तिथे गेलो, तर काउंटरवरच्या तरुणाने ते हातातही न घेता बॅटरी गेली असे सांगितले आणि नवे पेन समोर ठेवले. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी सकाळी एकाएकी कशी जाईल, हे माझ्या मनाला पटेना. म्हणून मी घराजवळच्या, एक गुजराती बाई चालवतात त्या छोट्या दुकानात गेलो. त्यांनी पेन हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "भाई, टाकी किती घट्ट पिळता?" मी म्हणालो, गळू नये म्हणून जोर लावून पिळतो. "मग बेनला दाखवायला यावेच लागणार," असे म्हणून त्यांनी पाच वेळा बटण दाबून पेन आधी बंद केले आणि टाकी काढली.

त्यांनी पुढे जे केले ते मी काउंटरवर वाकून पाहिले. आट्यांच्या तळाशी मधोमध एक बारीक धातूची पिन असते आणि तिच्याभोवती रबराची गोल चकती. टाकीच्या बुडाची पिन या पिनेला टेकली तरच कॉइलपर्यंत वीज पोचते. माझ्या जोर लावण्याने ही पिन केसभर खाली दबली होती, आणि वरून झिरपलेले लिक्विड आटून तिच्यावर तपकिरी, चिकट थर बसला होता. बेननी कान साफ करायची कापसाची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये जरा ओली करून आत फिरवली. पहिली काडी काकवीच्या रंगाची होऊन बाहेर आली, दुसरी पिवळसर आणि तिसरी स्वच्छ. मग लाकडी दातकोरणीने पिन अलगद, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी वर उचलली. सुई किंवा टाचणी का नको, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मधली पिन आणि बाजूचे आटे हे बॅटरीचे दोन ध्रुव आहेत, धातूने दोन्हींना एकदम स्पर्श झाला तर शॉर्टसर्किट होईल. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत पाच मिनिटे थांबून टाकी दोन बोटांनी बसवली, आणि पेन चालू झाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी कॉइलचे एक पाकीट तिथूनच घेतले आणि तेव्हापासून सगळे तिथूनच घेतो.

तेव्हापासून दर रविवारी मी टाकी काढून पेनातली आणि टाकीच्या बुडाची, अशा दोन्ही पिना पुसतो. टाकी आट्यांवर टेकली की थांबायचे, त्यापुढे पिळायचे नाही, हा नियम पाळल्यापासून तो दिवा कारण नसताना लुकलुकलेला नाही. पेनाच्या रचनेतला दोष मात्र इथे नोंदवायला हवा : काही पेनांत या पिनेखाली स्प्रिंग असते आणि दाबली तरी ती परत वर येते, या पेनात ती नाही. या किमतीत ती द्यायला हवी होती.

दुसरा बिघाड करपट वासाचा. व्हेप वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी तो येतो. झुरका घेताच घशाला जळलेल्या कापडासारखा चटका बसतो आणि ठसका लागतो. याचे कारण समजून घ्यायचे तर कॉइल आतून पाहावी. ती एक छोटी धातूची डबी असते. आत तारेची जाळी, जाळीभोवती कापूस, आणि डबीच्या कडेला लिक्विड आत येण्यासाठी भोके. बटण दाबल्यावर जाळी तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते, आणि कोरडा होऊ लागलेला कापूस टाकीतून पुन्हा लिक्विड ओढतो. निरांजनातली वात तूप ओढते तसेच हे काम आहे, आणि तूप पोचले नाही तर वात जशी करपते तसाच हा कापूसही करपतो. एकदा करपलेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही. कॉइल गरम पाण्यात भिजवून, वाळवून वापरण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी तो करून पाहिला, वास कमी झाला पण गेला नाही, आणि दोन दिवसांत कॉइल टाकावीच लागली.

म्हणून सगळी काळजी आधी घ्यायची असते. नव्या कॉइलच्या भोकांवर आणि मधल्या कापसावर लिक्विडचे चार-पाच थेंब सोडायचे, टाकी भरून ती दहा मिनिटे उभी ठेवायची, आणि मग पहिले काही झुरके हलके घ्यायचे. घाईत ही दहा मिनिटे न थांबल्यामुळे मी एक नवी कोरी कॉइल पहिल्याच झुरक्यात जाळली आहे. दुसरी गोष्ट लिक्विडची. त्यात दोन मुख्य द्रव असतात, पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल आणि दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन. माझी कॉइल १.२ ओहमची आहे, तिची भोके बारीक आहेत आणि तिला दोन्ही द्रव निम्मे-निम्मे असलेले लिक्विडच मानवते. मध्यंतरी मी सत्तर टक्के ग्लिसरीनची बाटली आणली होती. ती सप्टेंबरात कशीबशी चालली, पण जानेवारीच्या थंडीत ग्लिसरीन आणखी दाट होऊन कापसापर्यंत वेळेत पोचेना आणि बसथांब्यावर उभे राहून घेतलेला प्रत्येक झुरका करपू लागला. तो माझा दुसरा बिघाड, आणि त्यात पेनाचा काही दोष नव्हता. बाटली बदलली, कॉइल बदलली आणि प्रश्न मिटला.

गोडव्याचीही अशीच गोष्ट आहे. आंब्याच्या स्वादाचे एक लिक्विड मला फार आवडायचे, कारण डबा उघडल्यावर येणाऱ्या आमरसाच्या वासाची त्याने आठवण यायची. पण त्यात सुक्रालोज हे कृत्रिम गोडी आणणारे द्रव्य होते, आणि ते तापलेल्या जाळीवर साखरेच्या पाकासारखे करपून काळी पुटे धरते. त्या लिक्विडवर कॉइल पाच-सहा दिवस टिकायची. साध्या पुदिन्याच्या, गोडवा न घातलेल्या लिक्विडवर तीच कॉइल तीन आठवडे सहज जाते. बाटलीच्या किमतीत काही फरक नाही, पण महिन्याच्या खर्चात तो चांगलाच जाणवतो.

गळती आणि गुडगुड यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. झुरका घेताना हुक्क्यासारखा आवाज येतो आणि जिभेवर गरम थेंब उडतात, तेव्हा मधल्या नळीत लिक्विड साचलेले असते. टाकी काढून, माउथपीसवर टिश्यू धरून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली की ते निघून जाते. टाकी काठोकाठ भरू नये, मधल्या नळीत थेंब पडू देऊ नये आणि पेन आडवे ठेवू नये. माझा तिसरा बिघाड मात्र याच जातीचा असून वेगळा होता : टाकीच्या तळाची रबरी रिंग चिरली होती आणि सगळे लिक्विड शर्टाच्या खिशात उतरले. निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते, त्यामुळे तो डाग लगेच साबणाने धुवायला हवा. घरात लहान मूल असेल तर लिक्विडच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात. थोड्याशा लिक्विडनेही मुलाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

चौथा बिघाड चार्जिंगचा. वायर जोडली तरी दिवा लागत नव्हता. चार्जिंगचे भोक पेनाच्या बुडाशी आहे आणि त्याला झाकण नाही, त्यामुळे खिशातला कापसाचा भुगा आत दाबून बसला होता. लाकडी काडीने तो कोरून काढला तर त्याची मुगाएवढी गोळी निघाली. हा रचनेचा दुसरा दोष. फोनचा वेगवान चार्जर मी या पेनाला कधीच लावत नाही, रात्री उशीजवळ ठेवून चार्जही करत नाही, आणि नळी फुगलेली किंवा हाताला विनाकारण गरम लागली तर ते पेन त्याच क्षणी वापरातून काढावे, हे इथे निक्षून सांगतो. असे पेन घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते. व्हेप विकणाऱ्या दुकानांनी जुनी पेने परत घेतली पाहिजेत असा इथला नियम आहे, आणि बेनच्या दुकानात त्यासाठी दाराशीच पेटी ठेवली आहे.

झुरका कमजोर लागला की बॅटरी खराब झाली असे वाटते, पण तेही दर वेळी खरे नसते. हे पेन बॅटरीचा दाब जसाच्या तसा कॉइलला देते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तो ४.२ व्होल्ट असतो, उतरत आल्यावर ३.४ च्या आसपास. व्होल्टचा वर्ग करून त्याला १.२ ओहमने भागले तर पहिल्या स्थितीत सुमारे १४.७ वॉट मिळतात आणि दुसऱ्या स्थितीत ९.६. म्हणजे दुपारनंतरची वाफ सकाळपेक्षा पातळ असणारच. दिवसभर एकसारखी वाफ हवी असेल त्याने दाब स्थिर राखणारे पेन घ्यावे. ते थोडे महाग पडते.

प्रवासाबद्दल एक अतिशय महत्त्वाची गोष्ट. विमानात असे पेन हातातल्या सामानातच न्यावे लागते, टाकी रिकामी असलेली बरी, कारण हवेचा दाब बदलला की ती गळते. पण पुण्याला जाताना मी ते लेस्टरमध्येच ठेवतो. भारतात २०१९ च्या कायद्याने इ-सिगारेटची आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. आयात आणि विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुट्टीला निघणाऱ्या आपल्या लोकांनी बॅगेचे कप्पे नीट तपासावेत. सुट्टीच्या तीन आठवड्यांसाठी मी अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या वापरतो, आणि त्या मला पुरतात.

पंधरा महिन्यांनी बॅटरी थकली आहे. सुरुवातीला ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जायची, आता संध्याकाळी चारलाच दिवा लाल होतो, आणि ती पेनातच बंद केलेली असल्याने बदलता येत नाही. बाकी टाकी, आटे, बटण सगळे धडधाकट असताना केवळ यासाठी पेन बाद होणार, ही माझी त्याच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. ज्याला २२ पौंडांत सिगारेटपासून लांब राहायचे आहे आणि आठवड्यातून दहा मिनिटे साफसफाईला देता येतात, त्याने ते जरूर घ्यावे. पुढच्या वेळी मी मात्र काढता येणाऱ्या, १८६५० या ठरावीक आकाराच्या बॅटरीचे पेन घेणार आहे. बेननी तसे एक मागवले आहे आणि त्यासोबत बॅटरीसाठी प्लास्टिकची डबीही, कारण सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात ठेवायची नसते.