ड्रॉ हातात असताना: रेझ करावं की कॉल?

तीन पत्तीवरून पोकरकडे वळणाऱ्या खान्देशी मंडळींना पहिला पेच पडतो तो ड्रॉचा, म्हणजे अजून पुरा न झालेल्या हाताचा. तीन पत्तीत जे आलं ते आलं, कलर (सगळी बदाम किंवा सगळी किलवर, अशी एकाच जातीची पानं) आहे किंवा नाही. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोनच पानं असतात; मध्ये फ्लॉपची, म्हणजे सगळ्यांची सामाईक, पहिली तीन पानं उघडली की बरेचदा हात अर्ध्यावर लटकलेला असतो. चार बदाम जमलेत, पाचवा यायचाय. समोरच्याने चाल केली. आता गुपचूप कॉल करून (तेवढेच टाकून) पुढचं पान बघायचं, की उलटा रेझ करून (चाल वाढवून) त्यालाच पॅक करायला, म्हणजे डाव सोडायला लावायचं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकीबाळी झोक्यांवर आणि पुरुष मंडळी पत्त्यांवर, हे ठरलेलंच. पुण्या-नाशिकहून सुट्टीला आलेली पोरं आता ओट्यावर होल्डेमही मांडतात. पैसे लावून ऑनलाइन खेळणं 2025 च्या कायद्याने बंद झालं आहे, आणि जुगाराविरुद्ध 1887 चा कायदा आहेच. त्यामुळे खालचा सगळा हिशेब चिंचोक्यांचा आहे. खेळही चिंचोक्यांवरच खेळा, डोकं शांत राहतं.

एकच डाव नीट पाहू. तुमच्याकडे बदामची दश्शी आणि नश्शी. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची चौकी, किलवरची दुर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 चिंचोके. समोरच्याने 50 टाकले, बहुधा त्याच्याकडे राजांची जोडी आहे. तुमच्यापुढे 150 उरलेत. न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9. म्हणजे पुढच्याच पानाला कलर लागण्याची शक्यता 19 टक्के, आणि टर्न-रिव्हर (मध्ये उघडणारं चौथं आणि पाचवं पान) दोन्ही पाहायला मिळाले तर 35.

कॉल केलात तर 150 च्या पॉटसाठी 50 टाकले. तेवढ्यावर बरोबरी व्हायला 25 टक्के लागतात, तुमच्याकडे 19 आहेत. नुसत्या पॉटवर हा कॉल तोट्याचा, सरासरी 12 चिंचोक्यांचा. तो फायद्यात यायला कलर लागल्यावर समोरच्याने अजून किमान 61-62 तरी द्यायला हवेत. त्याने तुमचे उरलेले 100 दर वेळी बिनतक्रार कॉल केले, तरी सरासरी फायदा 7 चिंचोक्यांचाच. टर्न हुकल्यावर त्याने चेक केलं (काही न टाकता पाळी पुढे दिली) आणि रिव्हर फुकटात दिसली तर हा आकडा थोडा वाढतो. पण तो चेक करेलच, यावर विसंबू नका.

आता तेच 150 एकदम पुढे सरकवा. त्याने पॅक केलं तर पॉटमधले 150 जागेवर तुमचे, कलर लागो न लागो. कॉल केला तर 400 च्या पॉटमध्ये तुमचा वाटा 35 टक्के, म्हणजे 140. टाकले होते 150. वाईटात वाईट, सरासरी 10 चा तोटा. हिशेब मांडून पाहा: समोरचा सोळांतून एकदा जरी पॅक करत असेल तरी बरोबरी होते. नवांतून एकदा करत असेल तर रेझ त्या सगळ्यात चांगल्या कॉलच्याही पुढे जातो. चारांतून एकदा करत असेल तर फायदा 30 वर पोहोचतो. सेमी-ब्लफ म्हणतात तो हाच. जिंकायचे दोन रस्ते असतात, एक समोरचा सोडतो म्हणून, दुसरा पान लागतं म्हणून. कॉल करणाऱ्याकडे दुसराच रस्ता उरतो.

एवढं वाचून रेझच करायचं ठरवलंत तर थांबा. आपल्याकडच्या ओट्यावर हा सगळा हिशेब एका गोष्टीवर अडतो: समोरचा पॅक करतो का? तीन पत्तीत मुरलेला माणूस शो बघितल्याशिवाय डाव सोडत नाही. दुर्रीची जोडी असली तरी चिंचोके मोजून पुढे ढकलतो आणि म्हणतो, "दखाड भो, काय शे!" अशा माणसापुढे सेमी-ब्लफचा पहिला रस्ता बंदच असतो. उरतो तो 10 चा तोटा. आणि जो पॅक करत नाही तोच पान लागल्यावर पैसे देतो, त्यामुळे कॉल त्याच्यासाठीच आहे. म्हणून माझं मत असं की स्वतःची पानं बघून हे ठरवूच नये. आधीच्या डावांत समोरच्याने फ्लॉपनंतर किती वेळा पॅक केलं, ते ध्यानात ठेवावं. तुम्ही खेळात नसता तेव्हाच हे नीट दिसतं, आणि नेमकं तेव्हा बहुतेक जण मोबाईल काढून बसतात.

माणसं वाढली की तराजू कॉलकडेच झुकतो. वरच्याच डावात दोघांनी 50-50 कॉल केले आणि मग तुमची पाळी आली, तर पॉट 250 चा. आता 50 साठी 17 टक्के पुरेत, तुमच्याकडे 19 आहेत. पुढे कोणी काही दिलं नाही तरी कॉल फायद्याचा. आणि तिघांना हाकलायचं तर? प्रत्येक जण निम्म्या वेळा सोडतो असं धरलं, तरी तिघेही एकदम सोडण्याचा योग आठांत एकदाच. गर्दीत दश्शीच्या कलरला आणखी एक भीती असते, कोणाकडे तरी बदामचा एक्का किंवा राणी घेऊन मोठा कलर बसलेला असू शकतो. गर्दीत कॉल करायचा तर ड्रॉ एक्क्याचा असलेला बरा.

कलर आणि सिक्वेन्स (ओळीने लागणारी पाच पानं) यांत एक फरक आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. तिसरा बदाम पडला की आंधळ्यालाही दिसतो, आणि जाणता खेळाडू तिथेच हात आखडतो. मग ते 61 चिंचोके यायचे कुठून? सिक्वेन्स लपतो. हातात नश्शी-अठ्ठी, फ्लॉपवर दश्शी-सत्ती-दुर्री, आणि टर्नला छक्की पडली तर दश्शीची जोडी धरून बसलेल्याला ती निरुपद्रवी वाटते. दोन्ही टोकांनी उघड्या अशा सिक्वेन्सला पानं 8 च, दोन पानांत 31 टक्के. तरीही कॉल करून पुढे वसूल करायला तो मला कलरपेक्षा आवडतो. उलट, जाणत्यापुढे कलरचा ड्रॉ रेझ करूनच खेळावा.

मधलं एकच पान हवं असेल, म्हणजे 4 पानांचा सिक्वेन्स, तर दोन पानांत 16-17 टक्केच हाती लागतात. अशा हातावर मोठ्या चालीला कॉल करू नका. कलर आणि उघडा सिक्वेन्स दोन्ही एकत्र असले, 15 पानं मोकळी, तर दोन पानांत 54 टक्के होतात. तिथे विचारच करू नका, सगळे पुढे ढकला. समोरच्याने कॉल केला तरी चालतो.

समोर एक जोडी नसून ट्रेल (तीन सारखी पानं) असेल, तर तुमचा वाटा 35 टक्क्यांवरून 25 वर येतो, आणि त्याच 150 च्या रेझला सोळांतून एकाऐवजी चारांतून एकदा पॅक लागतं. ट्रेलवाला तर पॅक करत नाही. म्हणून एरवी गप्प राहणारा माणूस अचानक मोठी चाल करू लागला, तर तिथे आक्रमक होऊ नका.

आणि रेझ करायचाच तर फ्लॉपवर करा. टर्न हुकल्यावर एकच पान उरतं, 35 टक्क्यांवरून शक्यता 20 च्याही खाली येते. तिथे सगळे चिंचोके ढकलणं म्हणजे जवळजवळ निव्वळ ब्लफ, आणि तो फक्त पॅक करणाऱ्यापुढेच चालतो.